पॅड नवे, कुईकुई जुनीच: ब्रेकचा परत परत येणारा आवाज आणि ‘कंपनीचा की लोकल’चा घोळ

महिन्यातून एकदा तरी ओळखीतल्या कुणाचा फोन येतो. "ब्रेक पॅड कंपनीचेच टाकू का? लोकल चालतील का?" मी उलट विचारतो, "आधीचे कधी टाकले होते?" उत्तर बहुतेक वेळा "मागच्या दिवाळीत" असं असतं. मग मी सांगतो, दुकानात जायच्या आधी चाक खोल.

माझ्या दोन गाड्या देवदर्शनाच्या भाड्यावर असतात. एक सात सीटर, एक छोटी सेडान. सकाळी सोलापूर स्टेशनवरून माणसं उचलायची, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, कधी गाणगापूर, आणि रात्री परत स्टेशनला सोडायची. मी मिस्त्री नाही. पण अकरा वर्षांत समोरच्या चाकांचा हा एकच आजार इतक्यांदा खोलून बसवलाय, की आमचे मिस्त्री आता साधं काम मलाच करू देतात आणि स्वतः चहा पितात. ते सोलापूरच्या पूर्व भागातले. घरी तेलुगू, गॅरेजात मराठी, आणि नट अडकला की कानडी.

पुढे लिहिलंय ते समोर डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात) आणि मागे ड्रम असलेल्या साध्या कारसाठी आहे. बाईकवाल्यांनाही निम्मंअधिक लागू पडेल.

आधी लक्षणं

सात रस्त्याच्या सिग्नलला हळू येताना हलका पाय ठेवला की कुईईई, आणि जोरात दाबलं की आवाज गायब. सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी धोक्याचा प्रकार. तोही फक्त सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला येऊन जात असेल, तर रात्री डिस्कवर धरलेला गंजाचा पातळ पापुद्रा आहे. सोडून द्या.

गाडी चालू असताना सतत बारीक शिट्टी, आणि ब्रेक दाबला की ती बदलते किंवा थांबते. बऱ्याच पॅडना एक लहान लोखंडी पट्टी असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासते. ती ओरडायलाच बसवलेली आहे, तिला ओरडू द्या आणि पॅड बघा.

खर्र खर्र, लोखंडावर लोखंड. हे ऐकल्यावर पुढे वाचू नका. गाडी आहे तिथं राहू द्या.

पुणे रोडला ८० च्या वेगात ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं आणि पायाखाली पेडल धडधडतं. (एबीएस, म्हणजे चाक जागेवर अडकू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल धडधडतं, ते वेगळं. ते एबीएसचं काम चाललेलं असतं.)

ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. एकाच रिमवर काळी भुकटी साचते, बाकी तीन स्वच्छ. एकच चाक तापतं, जळका वास येतो. पेडल मऊ लागतं, स्पंजासारखं, किंवा दोनदा पंप केल्यावरच ब्रेक धरतो.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते लक्षण: नवे पॅड टाकले, महिना-दोन महिने शांत गेले, आणि परत तोच आवाज. त्यातही त्याच चाकातून. ‘त्याच चाकातून’ हे नीट लक्षात ठेवा. माल खराब असेल तर सहसा दोन्ही चाकं ओरडतात. एकच चाक पुन्हा पुन्हा ओरडतंय म्हणजे दोष त्या चाकाच्या यंत्रणेत असण्याची शक्यता जास्त.

जागेवर बसून, फुकटात

पहिलं, जुनं बिल काढा. मी प्रत्येक बिलाच्या मागे पेनाने किलोमीटर लिहून ठेवतो. समोरचे पॅड किती चालावेत याचा एकच आकडा नाही, पण साधारण ३० ते ५० हजार किमी चालले तर तक्रार नसावी. शहरातच फिरणारी गाडी कमी चालवेल, महामार्गावरची जास्त. माझ्या घाटातल्या भाड्यात ३० ते ३५ हजार मिळतात. तुमचे दहा-बारा हजारांत संपले असतील तर कुठला डबा घ्यायचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ते संपले का?

दुसरं, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीकडे बघा. पातळी कमाल आणि किमान या दोन रेघांच्या मध्ये हवी. पॅड झिजतात तशी ती हळूहळू खाली येते, कारण कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन बाहेर येऊन ऑइलची जागा वाढते. म्हणून ऑइल कमी दिसलं की लगेच ओतू नका. आधी पॅड बघा. आज वर भरून ठेवलंत आणि उद्या नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला, की तेच ऑइल डबीतून बाहेर येऊन बॉडीचा रंग उडवतं. चार दिवसांत पातळी दिसण्याइतकी उतरली, तर मात्र कुठंतरी गळती आहे आणि तुमचं काम तिथंच संपलं.

रंगही बघा. नवं ऑइल पिवळसर, पारदर्शक. काळ्या चहासारखं झालं असेल तर त्याचं वय झालंय.

तिसरं, बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्युमची नळी बघायला मिस्त्री लागेल. जोर लावूनही ब्रेक धरत नाही म्हणून पॅड बदलत बसलेले दोन जण माझ्या माहितीतले आहेत. दोघांचीही नळीच फाटलेली होती.

चौथं, उष्णता. दहा-पंधरा किमी फिरून या आणि शेवटी ब्रेक न मारता गाडी घरंगळत थांबवा. आता रिमजवळ तळहात न्या, पण लावू नका. डावं आणि उजवं यांची तुलना करायची आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतं, तेव्हा सगळंच गरम लागेल, म्हणून फरक महत्त्वाचा. एका बाजूला हात धरवतो आणि दुसऱ्या बाजूला झळ लागते, तर झळवाल्या बाजूला ब्रेक सुटत नाहीये. पेट्रोल जास्त जाण्याचं एक कारणही तेच.

पाण्याची बादली आणि मोबाईलचा टॉर्च

आता चाकाच्या फटीतून टॉर्च मारा. बाहेरचं पॅड बहुतेक गाड्यांत दिसतं. आतलं दिसत नाही, आणि गंमत अशी की आधी संपतं ते बहुतेक वेळा आतलंच. त्यासाठी मोबाईल चाकाच्या मागून सरकवा आणि फोटो काढा. लोखंडी पाठ सोडून घासणारा मसाला ३ मिमीपर्यंत आला असेल तर बदलायची वेळ झाली. नव्या पॅडचा तोच मसाला साधारण १० मिमी असतो, म्हणजे अंदाज येईल.

मग धुवा. हसू नका. पावसाळ्यात कुंभारी-बोरामणीकडच्या शेतरस्त्याने गाडी घातली की काळी माती चाकाच्या आत थापली जाते आणि वाळून विटेसारखी होते. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची एक ढाल असते. तिच्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकला की असा आवाज येतो, की माणूस घाबरून टो गाडी बोलावेल. पहिल्या वर्षी मी याच खड्यासाठी पॅड बदलून घेतले होते. चाक काढल्यावर खडा पडला, आवाज गेला, आणि श्रेय नव्या पॅडला मिळालं. त्या गॅरेजवाल्याला खडा दिसला होता का, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो. पत्रा वाकून डिस्कला टेकला असेल तर बोटाने मागे ओढला तरी काम होतं.

चाक खोलल्यावर: सगळी गोम पिनेत

इथून पुढे खर्च पन्नास-शंभर रुपये, पण धोका खरा आहे. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगडाचा अडसर, जॅक त्याच्याच खुणेवर, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात नाही. स्टँड नसेल तर हे काम गॅरेजात करा.

समोरच्या साध्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतून असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. कॅलिपर सरकतो तो दोन पिनांवर. त्या पिना रबरी बूटात, ग्रीसमध्ये फिरत्या असायला हव्यात. पिन अडकली की बाहेरचं पॅड नावापुरतं उरतं आणि आतलं एकटं राबतं. आतलं संपलं, बाहेरचं अर्धं शिल्लक, हे चित्र मी इतक्या चाकांत पाहिलंय की पॅड हातात घेतल्याबरोबर पिनेकडे बघतो. तिरकं झिजलेलं पॅड, एका टोकाला ६ मिमी आणि दुसऱ्या टोकाला २, हाही तिचाच प्रताप.

माझ्या सेडानच्या डाव्या चाकाची खालची पिन मी पहिल्यांदा काढली तेव्हा ती हाताने येईना. पान्याने फिरवत फिरवत बाहेर आली. टोकाला तपकिरी गंज, आणि पिनेवरचं रबर फुगून मऊ झालेलं, नखाने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. कुणीतरी आधी तिथं बेअरिंगचं साधं ग्रीस भरलं होतं. खनिज तेलाच्या ग्रीसने हे रबर फुगतं आणि पिन जाम होते. इथं सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं. त्याची छोटी पुडी पन्नास-साठ रुपयांत मिळते. त्या एका पुडीने जे काम केलं, ते आधीच्या तीन पॅडच्या डब्यांनी केलं नव्हतं.

करायचं एवढंच. पिन काढा, कापडाने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या. बूट फाटला असेल तर बूट नवा. ग्रीसचा पातळ हात द्या, ठासून भरू नका, कारण मागे कोंडलेली हवा पिनेला नीट बसू देत नाही. दोन्ही पिना सारख्या दिसल्या तरी काही गाड्यांत वेगळ्या असतात, म्हणून एक काढा, करा, बसवा, मग दुसरी. बसवल्यावर कॅलिपर दोन बोटांनी सरकला पाहिजे.

तेवढ्यात पॅड ज्या खाचेत बसतात तिथली पातळ स्टीलची क्लिपही काढून खालचा गंज वायर ब्रशने घासा. गंज फुगला की खाच अरुंद होते आणि पॅड मागे सरकत नाही. कॅलिपर उतरवला की त्याला रबरी होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लटकवू नका, तारेने बांधून ठेवा. आणि भुकटी फुंकू नका, हवाही मारू नका. आपल्याकडे फुफ्फुसाला घातक असलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, आणि निनावी पॅडच्या मसाल्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ओल्या फडक्याने पुसा.

माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात ‘पॅड खराब निघाले’ इथंच मिटतात.

थरथर असेल तर डिस्क

लोक म्हणतात डिस्क वाकली. खरी वाकलेली डिस्क मी क्वचित पाहिली. होतं असं, की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, किंवा डिस्क आणि हब (डिस्क आणि चाक जिच्यावर बसतात ती बैठक) यांच्यात गंजाचा कण अडकतो आणि डिस्क केसभर तिरकी फिरते. डिस्कला मिमीच्या पाच-दहा शतांशांचा डोलही पुरतो. सर्व्हिस सेंटरमध्ये एक दिवस खाणारी थरथर मी हबचा चेहरा वायर ब्रशने घासून घालवली आहे. खर्च शून्य.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या घंगाळासारख्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंजाने झाकला असेल तर घासून वाचा. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी माप घ्या. साधा व्हर्नियर कडेच्या उंचवट्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो, त्याला फसू नका. किमान आकड्याच्या खाली गेलेली डिस्क बदलायची. लेथवर टर्निंग मारून देतो म्हणणारे भेटतील, पण टर्निंगने जाडी आणखी कमी होते. टर्निंगनंतरही किमान आकड्याच्या वर राहणार असेल तरच करा. पातळ डिस्क उष्णता कमी झेलते, आणि ती उष्णता घाटात लागते.

नट आवळतानाही थरथर जन्माला येते. पंक्चरवाला एअर गनने एक नट मरेस्तोवर आणि दुसरा सैल आवळतो, डिस्क ताणली जाते. तिरके, समोरासमोर, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा.

आता दुकान: कुठला डबा

इथवर सगळं ठीक असेल आणि पॅड खरंच संपले असतील, तर खरेदी. काउंटरवरचा पोरगा विचारतो, "काका, ओरिजिनल देऊ का लोकल?" जणू दोनच जाती आहेत. मला चार दिसतात.

एक, गाडीच्या कंपनीच्या नावाचा डबा. दोन, जे कारखाने गाडीच्या कंपन्यांनाच ब्रेकचा माल पुरवतात त्यांचा स्वतःच्या नावाचा डबा. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश ही नावं मिस्त्र्यांच्या तोंडी असतात ती यातलीच. तीन, छोट्या पण नावगाव असलेल्या उत्पादकाचा स्वस्त डबा. चार, निनावी प्लॅस्टिक पिशवी, जिच्यावर फक्त गाडीचं मॉडेल पेनाने लिहिलंय.

माझं मत सरळ आहे. समोरच्या पॅडसाठी दुसरा डबा. पहिल्यात आणि दुसऱ्यात बऱ्याचदा मालाचा फरक कमी, नावाचा आणि डब्याचा जास्त. गाडी वॉरंटीत असेल तर पहिला, वाद नको. तिसरा मी जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढंच फिरणाऱ्या गाडीच्या मागच्या ड्रमच्या शूसाठी (ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्ट्यांसाठी) वापरलाय आणि तक्रार नाही, कारण ब्रेकचा मोठा भार पुढची चाकं घेतात. घाटात जाणाऱ्या, माणसं भरून नेणाऱ्या गाडीत तिसरा पुढे टाकणार नाही. चौथा दारातही नको.

पैशाचा हिशोब माझ्या वहीतून देतो, सेडानचा. पिना मोकळ्या केल्यानंतरचा, म्हणजे तुलना बरोबरीची. दुसऱ्या जातीचा सेट १,४०० रुपये, मजुरी ३००, चालला ३२,००० किमी. म्हणजे किमीला साधारण ५.३ पैसे. हट्टाने एकदा चौथ्या जातीचा ५५० चा घेतला, मजुरी तीच ३००, चालला ९,००० किमी. किमीला ९.४ पैसे. वर त्याच्या कडक मसाल्याने डिस्कवर रेकॉर्डच्या तबकडीसारख्या रेषा पाडल्या, नव्या डिस्कची जोडी ३,२०० ला पडली. ती मी हिशोबात धरलीच नाही. आणि त्याच वहीत एक ओळ अशीही आहे: पिन अडकलेली असताना टाकलेला तोच १,४०० वाला सेट ११,००० किमीत संपला. त्या वेळी मी शिव्या डब्याला घातल्या होत्या.

निनावीपेक्षा वाईट एकच, ब्रँडेड डब्यातला नकली. निनावी घेताना निदान आपण धास्तीत असतो. मला असा डबा एकदा मिळाला. दुकानाचं नाव घेत नाही, त्यालाही तो तसाच आला असेल. नवरात्रात सात सीटर भरलेली, तुळजापूरहून घाट उतरत होतो. दुसऱ्या वळणानंतर वास यायला लागला. तिसऱ्यावर पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबेना. पेडल खाली जात नव्हतं, म्हणजे ऑइल ठीक होतं. पॅडच तापून धरायचं सोडून दिलं होतं. दुसऱ्या गिअरवर आणून इंजिनाच्या जोरावर गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरच्या आजी "आई राजा उदो उदो" म्हणत होत्या, त्यांना वाटलं मी दर्शनाला थांबवली.

घरी येऊन ते पॅड आणि जुने पॅड शेजारी ठेवले. जुन्याच्या लोखंडी पाठीवर पार्ट नंबर आणि बॅच ठशाने मारलेले, नकलीच्या पाठीवर काहीच नाही. नकलीच्या कडेचा मसाला नखाने खरवडला तर भुगा पडला. चारही पॅड कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले, आतल्या जोडीतल्या दोन पॅडमध्येच बावीस ग्रॅमचा फरक. दुकानदार म्हणाला, "शेंगा असत्या तर भांडला असता."

तेव्हापासून काउंटरवरच डबा फोडून बघतो. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, किंमत आणि तक्रारीचा नंबर हवाच, पॅकबंद मालावर हे छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. डब्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडवरचा नंबर एकच हवा. कोड किंवा होलोग्रॅम असेल तर तिथंच उभं राहून तपासा. पक्कं बिल मागा. बिल देताना दुकानदार चुळबुळ करू लागला तर डबा परत सरकवा.

काही पॅडच्या कडेवर दोन अक्षरांचा कोड असतो, जसं ‘एफएफ’ किंवा ‘एफई’. पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड, दुसरं गरम झाल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. शहरात कळणारही नाही. घाटात कळेल. हा कोड दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे, किती टिकेल हेही सांगत नाही, पण घाटवाल्याला उपयोगाचा.

ऑइल आणि रबर यांत काटकसर करू नका, वाचतात ते शे-दीडशे रुपये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ (‘डॉट’ म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकतं. सोलापूरच्या उन्हाने ऑइल उकळत नाही, उकळतं ते उतारावर सतत पाय ठेवल्याने. म्हणून दोन वर्षांनी बदला, डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच घ्या, आणि सीलबंद डबाच. दुकानातल्या अर्ध्या उघड्या डब्यातून ओतून दिलेलं घेऊ नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, नावाने गोंधळू नका.

आणखी एक. एका चाकाला एक कंपनी, दुसऱ्याला दुसरी, असं कधीच नाही. "एकच बाजू संपली, दोनच पॅड द्या" म्हणणाऱ्याची गाडी ब्रेकला ओढणारच.

बसवल्यावर

पिस्टन मागे ढकलताना डबीचं झाकण सैल ठेवा आणि पातळीवर लक्ष ठेवा. सगळं बसलं की गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. आमच्या शेजाऱ्यांनी हे विसरून गाडी काढली. पहिला पाय थेट जमिनीला, आणि बंपर फाटकाला.

मग मोकळा रस्ता बघून ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने वीसेक वेळा वेग कमी करा. प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर चालवा, पूर्ण थांबू नका आणि गरम ब्रेकवर पाय दाबून उभे राहू नका. याने पॅडचा मसाला डिस्कवर सारखा बसतो. हे न केल्याने चांगल्या डब्याचे पॅडही ओरडतात, आणि नाव जातं कंपनीचं. पहिले दोन-तीनशे किमी घाट नको. नंतर घाटात मात्र, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

इथं थांबा, मिस्त्रीला बोलवा

लोखंडाचा खर्र आवाज, पेडल मऊ किंवा जमिनीला टेकणारं, चाकाच्या आत किंवा पाइपच्या सांध्यावर ओल, ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला. यातलं काहीही असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

पिस्टन हाताच्या साध्या जोराने मागे जात नसेल तर पान्याने ठोकू नका. आतलं सील किंवा गंज आहे, कॅलिपर खोलावा लागेल. पिना मोकळ्या, पिस्टन मोकळा, तरी एक चाक तापतंच, तर रबरी होज आतून फुगलेला असू शकतो. ऑइल जातं, परत येत नाही. बाहेरून तो नवाकोरा दिसतो. होज, मास्टर सिलिंडर, कॅलिपरचं सील, पाइप, बूस्टर, यांना मी हात लावत नाही. एकदा लाइन उघडली की एअर काढावी लागते, आणि एबीएस असेल तर काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. मागे डिस्क आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन मागे घ्यायची पद्धतच वेगळी, जोर लावलात तर मोटर जाते.

मिस्त्रींकडे जाताना जुने चारही पॅड सोबत न्या. डावा-उजवा, आतला-बाहेरचा असं मागे खडूने लिहून, नव्या पॅडच्या रिकाम्या डब्यात घालून. आमचे मिस्त्री गाडीकडे बघायच्या आधी तो डबा उघडतात, चारही पॅड बाकावर ओळीने मांडतात, आणि मग विचारतात, "डावी खालची पिन ना?"